पुरात बुडालेली जिप्सी : इंजिन बांधताना कार्ब्युरेटर ठेवावा की एमपीएफआय बसवावं?

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणची १९९८ची जिप्सी किंग. जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीच्या पुरात सीटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर गॅरेजवाल्याने ऑइल आणि प्लग बदलून गाडी चालू करून दिली, आणि ती चाललीही. आता निळा धूर मारते, ऑइल खाते, घाटात दम टाकते आणि दगडांच्या उभ्या चढावर नाक वर झालं की बंद पडते. इंजिन बांधायचं ठरलंय. मित्र म्हणतात, एवढा खर्च करतोच आहेस तर कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) फेक आणि एमपीएफआय (सेन्सर आणि इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसव. बेत म्हणजे पावसाळ्यात सह्याद्रीतल्या वाटा आणि पुढच्या वर्षी एकदा लडाख. काय करावं?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. कार्ब्युरेटर ठेवा. एमपीएफआय जिप्सीचं अख्खं सामान एकाच चालू गाडीतून निघालेलं मिळत असेल, तरच दुसरा विचार करा. आणि काय करायचं ते इंजिन खाली उतरवण्याआधी ठरवा. बोअर मारून (सिलिंडर कातून मोठे करून), पिस्टन आणून झाल्यावर ‘आता एमपीएफआय करू’ म्हणणारे लोक आमच्या उद्यमनगरात दर महिन्याला येतात आणि नव्या पिस्टनचा सेट कपाटात ठेवून जातात.

कारण तुमच्या गाडीतलं जी-१३-बीए आणि २०००पासून आलेलं एमपीएफआयवालं जी-१३-बीबी कागदावर भावंडं दिसतात. दोन्हीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५, दोन्ही १२९८ सीसी. त्यावरून समज होतो की वरचं फक्त ‘इंजेक्शन’ बदलायचं. प्रत्यक्षात बीएचं हेड आठ व्हॉल्व्हचं, बीबीचं सोळा व्हॉल्व्हचं. पिस्टन वेगळे, मॅनिफोल्ड वेगळा, वायरिंग तर पूर्ण वेगळी. सुमारे ६० अश्वशक्तीवरून ८०वर उडी जाते त्यात इंजेक्टरपेक्षा त्या सोळा व्हॉल्व्हच्या हेडचा वाटा मोठा आहे. शिवाय ती ८० अश्वशक्ती ६००० आरपीएमला मिळते आणि १०३ न्यूटन-मीटरचा टॉर्क ४५००ला. लो रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या संथ, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये), पहिल्या गिअरला, दगडावरून चाक अलगद उतरवताना तुमचं इंजिन तिथे पोहोचतच नाही. हायवेला फरक जाणवतो, हे कबूल.

आता तुमच्या गाडीचं दुखणं. ही दुखणी दोन आहेत आणि दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. धूर आणि ऑइल हे इंजिनाचं. चढावर बंद पडणं हे पेट्रोलच्या पुरवठ्याचं. नवं इंजिन बांधून तोच कार्ब्युरेटर आहे तसा वर ठेवला तर गाडी चढावर पुन्हा बंद पडेल, आणि मग सगळा दोष ‘जुनाट कार्ब्युरेटर’वर जाईल.

इंजिन उतरवण्याआधी कंप्रेशन तपासा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, बॅटरी भरलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. या इंजिनाला चांगलं कंप्रेशन म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १४ किलो, १२च्या खाली गेलं तर काम आलं, आणि दोन सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक नको. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा बघा. काटा चढला तर रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) आणि बोअर गेले, हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. धूरही सांगतो. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकन निळा येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, चढावर लोडमध्ये सतत येत असेल तर रिंग. हे आकडे वहीत लिहून ठेवा. बांधून झाल्यावर त्याच गेजने पुन्हा घ्यायचे आहेत.

पुराच्या गाडीत मला खरी भीती असते ती गाळाची. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यातली माती इतकी बारीक असते की ती ऑइलसोबत फिरते, फिल्टर तिला थोपवू शकत नाही, आणि नुसतं ऑइल बदलून ती निघत नाही. सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडला की ऑइल पंपाची जाळी बघा. अशा इंजिनात जाळीच्या कडेला विटकरी रंगाचा, बोटाला लोण्यासारखा लागणारा थर बसलेला असतो. तो दोन बोटांत घेऊन चोळला की किरकिर लागते. तीच किरकिर वर्षानुवर्षं बेअरिंगमधून आणि रिंगांवरून फिरली आहे. म्हणून ब्लॉक आणि क्रँकमधल्या ऑइलच्या वाटांचे सगळे प्लग काढायला लावा. बंद प्लगवरून प्रेशरने धुऊन ‘साफ झालं’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बंदुकीची नळी साफ करायला असतो तसा लांब ब्रश आत घालून, आरपार उजेड दिसेपर्यंत.

दुसरी गोष्ट गंज. बुडालेल्या इंजिनात ज्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला, त्यात पाणी जाऊन बसतं. रिंग जिथे टेकल्या होत्या तिथे बोअरला काळपट पट्टा पडतो, त्यात टोचल्यासारखे खड्डे. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असून आत बिडाचे लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) आहेत. ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टनसाठी बोअर मारताना खड्डे निघून गेले तर ठीक, नाहीतर त्या सिलिंडरला नवा लायनर. तिसरी गोष्ट, पाणी आत असताना कोणी सेल्फ मारला होता का? विचारून खरं उत्तर मिळणार नाही, म्हणून मोजा. चारही पिस्टन आळीपाळीने सर्वांत वर आणून ब्लॉकच्या पातळीपासून किती खाली राहतात ते डायल गेजने बघा. एखादा इतरांपेक्षा खाली राहत असेल तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकलाय. पिस्टन काढल्यावर त्याच्या एका बाजूला वर आणि विरुद्ध बाजूला खाली चकाकी दिसली तर शंकाच नको.

बोअर मोजताना वर, मध्ये, खाली अशा तीन उंचीवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांना गेज लावा. निमुळतेपणा किंवा लंबगोलपणा ०.१० मिलिमीटरच्या पुढे गेला की नुसत्या नव्या रिंगांवर भागत नाही. ‘रिंग टाकून बघू’ हा सल्ला ऑफ-रोड गाडीला तर कधीच देऊ नये. धूळ खाल्लेला बोअर वरच्या रिंगच्या जागी सर्वांत जास्त झिजतो, आणि नवी सरळ रिंग त्या पायरीवर आपटून तुटते.

बोअरिंगवाल्याकडे ब्लॉकसोबत पिस्टनही द्या. पिस्टन हातात नसताना ‘पन्नासचा बोअर’ मारून ठेवणारा कारागीर कितीही जुना असला तरी तिथून ब्लॉक उचला. प्रत्येक पिस्टन पिनच्या काटकोनात मोजायचा, त्यावर नंबर टाकायचा आणि त्याच्या मापाने त्याचा बोअर, ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर क्लिअरन्स ठेवून. शेवटचे काही शतांश होनिंगसाठी (बारीक दगडाने बोअर घासण्यासाठी) राखलेले हवेत. होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या दिसायला हव्यात. आरशासारखा गुळगुळीत बोअर बघायला छान, पण त्याच्यावर ऑइल टिकत नाही आणि रिंग बसत नाहीत.

होनिंगनंतरची धुलाई बहुतेक जण डिझेलने करतात. डिझेलने दगडाची भुकटी उलट रेघांमध्ये जाऊन बसते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ताठ ब्रश घ्या, आणि पांढरं सुती फडकं बोअरमध्ये फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत घासा. पहिली तीन-चार फडकी करडी निघतात. लगेच वाळवून ऑइल लावा, चिपळूणच्या हवेत तासाभरात तांबूस छटा येते. मग प्रत्येक रिंग तिच्या बोअरमध्ये सरळ बसवून टोकांतली फट फिलर गेजने बघा. वरच्या रिंगला ०.२० ते ०.३५च्या आसपास हवी. कमी असेल तर रिंग गरम होऊन टोकं भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो.

क्रँक, मेन आणि बिग एंड बेअरिंग यांचं काम कोणताही बरा कारागीर जाणतो. गाळ फिरलेल्या क्रँकला ग्राइंडिंग लागेलच असं धरून चाला, आणि बेअरिंग बसवताना प्लास्टिगेजची (बेअरिंगमधली फट मोजायची) पट्टी वापरायला सांगा. ऑइल पंप जुना बसवू नका. हेडची पातळी ०.०५ मिलिमीटरच्या आत हवी. व्हॉल्व्हचे गाईड ढिले असताना नुसते सील बदलणं म्हणजे वर्षभराची सोय. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप हे तिन्ही आत्ताच, वेगवेगळे नाहीत.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रोखून धरणारा व्हॉल्व्ह. आपल्याकडे गाडी गरम झाली की मेकॅनिक पहिला तो काढून फेकतो. हेडही ॲल्युमिनियमचं, ब्लॉकही ॲल्युमिनियमचा, अशा इंजिनाला समान तापमान लागतं. थर्मोस्टॅट नसेल तर पावसाळ्यात इंजिन थंडच राहतं, पेट्रोल बोअरची भिंत धुतं आणि नव्या रिंगा बसायच्या आधी झिजतात. गरम व्हायचं खरं कारण बहुधा रेडिएटरच्या जाळीत सुकलेला चिखल असतो. पाण्याचा पाइप आतून, इंजिनाच्या बाजूने पुढे असा मारा, म्हणजे चिखल आला तसाच बाहेर जातो.

आता पेट्रोलचा पुरवठा, म्हणजे तुमचा मूळ प्रश्न.

कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोलची ठरावीक पातळी असते आणि सगळा हिशेब ती पातळी सपाट आहे असं धरून केलेला असतो. गाडी तीस-पस्तीस अंशांवर उभी राहिली की पातळी कलते. एक तर जेटच्या (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या) तोंडाशी पेट्रोल कमी पडतं, नाहीतर ते उसळून इंजिनाच्या घशात सांडतं. यातलं काय होतंय ते गाडी बंद पडल्यावर तिथेच कळतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर काळा धूर टाकत, पेट्रोलचा वास सोडत चालू झाली तर जास्त पेट्रोल. सपाटीवर मागे आणल्याशिवाय चालूच होत नसेल तर उपाशी.

जास्त पेट्रोलवर इलाज सोपा आहे. नवी नीडल आणि सीट (चेंबर भरला की पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक), फ्लोटची पातळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली, आणि चेंबरच्या व्हेंटला रबरी नळी लावून ती उंचावर न्यायची. पातळी यापेक्षा खाली नेली तर हायवेला गाडी अडखळेल.

उपाशी राहण्याचं कारण मात्र पुष्कळदा कार्ब्युरेटरच्या मैलभर मागे असतं. मेकॅनिकल पंप इंजिनावर, टाकी मागे. चढावर टाकी पंपाच्या आणखी खाली जाते, पंपाला जास्त उंचीवर ओढावं लागतं. जुन्या रबरी नळीला केसाएवढी चीर असेल तर सपाटीवर तिथून थेंबही गळत नाही, पण चढावर तिथून हवा आत ओढली जाते. लोक कार्ब्युरेटर पाच वेळा खोलतात आणि ती चाळीस रुपयांची नळी तशीच राहते. तुमची टाकीही पुरात होती. ती उतरवा, आतून गंज आणि गाळ काढा, पिकअपची जाळी बघा. त्यानंतरही शंका उरली तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावा, पाव बारच्या वर नको, नाहीतर नीडल दाब थोपवू शकत नाही. त्या पंपाला ऑइल प्रेशरवर चालणारा कटऑफ हवाच. गाडी उलटली आणि पंप चालू राहिला तर काय होतं ते मी लिहीत बसत नाही.

बाहेरच्या देशांत या गाडीच्या भावंडांवर वेबर ३२/३६ कार्ब्युरेटर आवडीने बसवतात. सपाटीवर पिकअप सुरेख मिळतो. उतार-चढावर तोही तितकाच कुरकुरतो, आणि सुटे भाग रत्नागिरी जिल्ह्यात मिळणार नाहीत. नको.

एमपीएफआयची बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. फ्लोट चेंबरच नाही, त्यामुळे गाडी कशीही कलली तरी इंजेक्टरला अडीच-तीन बारचा दाब मिळत राहतो. थंडीत पहिल्या सेल्फला चालू. उंचीवर मॅप सेन्सर हवेचा दाब बघून पेट्रोल आपोआप कमी करतो. शुद्ध तंत्र म्हणून तुलना केली तर कार्ब्युरेटर हरतो, वाद नाही.

पण तुमच्या गाडीत काय काय लागेल ते बघा. टाकीत पंप आणि परतीची लाइन, दाब सहन करणाऱ्या नळ्या, कंट्रोल युनिट, सगळे सेन्सर, आणि वायरिंगचा मूळ हार्नेस (जुडगा) कापाकापी न केलेला. एस्टीममध्येही जी-१३-बीबी आहे, म्हणून लोक भंगारातून ते आणतात. तिथे ते इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं, त्यामुळे सम्प, माउंटिंग, पाण्याचे पाइप अशी अदलाबदल करत बसावं लागतं. आणि तुमच्या गाडीची वायरिंग पाण्यात राहिलेली आहे. तांब्याच्या तारेत, रबराच्या आत, हिरवट गंज दोन-दोन फूट चढलेला असतो आणि बाहेरून वायर नवी दिसते. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला इग्निशनची एक चांगली वायर मिळाली की ते घरी आणतं. एमपीएफआयला खराब अर्थिंग मिळालं तर ते चालू असतं, बंद पडतं, पुन्हा चालू होतं, आणि स्कॅनरवर काहीच दिसत नाही. टाकीत पेट्रोल कमी असताना चढावर पंप उघडा पडला तर एमपीएफआयही बंद पडतं, हे लोक विसरतात. अर्धवट बसवलेल्या एमपीएफआयपेक्षा नीट बांधलेला कार्ब्युरेटर जंगलात केव्हाही बरा, हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

कागदपत्रंही आहेत. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, त्यामुळे आरटीओची परवानगी आधी आणि आरसीवर नोंद नंतर. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला जाणारी. तिथे नंबर जुळला नाही तर सगळी मेहनत आवारात उभी राहील. डिझेल इंजिन टाकायचा सल्लाही कोणीतरी देईलच. त्यात इंधनाचा प्रकारच बदलतो, तो विषय सोडून द्या. सीएनजीला कलण्याचा त्रास नसतो हे खरं, पण मागे सिलिंडरचं वजन घेऊन चिखलात जाण्यात मजा नाही.

पेट्रोलबद्दल एक नवी अडचण मात्र कार्ब्युरेटरवाल्यांनी गांभीर्याने घ्यावी. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि १९९८ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. पंपाचा डायफ्रॅम, नळ्या, नीडलचं टोक, गॅस्केट यांचं जुनं रबर फुगतं किंवा चिकट होतं. म्हणून हे सगळं इथेनॉल चालणाऱ्या रबराचं घ्या, नीडलला व्हिटॉनचं (इंधनात न फुगणाऱ्या रबराचं) टोक, नळीवर आर-९ हा दर्जा छापलेला बघून. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करा. नाहीतर तळाशी पांढरी भुकटी साठते आणि जेटमध्ये अडकते.

शिवाय मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ टक्क्यांच्या आसपास जास्त पेट्रोल हवं. जेटचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून व्यास चार टक्के वाढवला की काम होतं. १०० नंबरच्या जागी १०४च्या जवळचा जेट. जेटमध्ये सुई घालून भोक मोठं करू नका, तयार जेट मिळतात. बसवल्यावर घाट चढून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढा. फिकट तपकिरी हवा. पांढरा असेल तर अजून पातळ आहे आणि नवे पिस्टन जळतील.

लडाखला हाच हिशेब उलटतो. लेह ३५०० मीटरवर, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के, आणि कार्ब्युरेटर आपोआप वीसेक टक्के जास्त पेट्रोल पाजू लागतो. खार्दुंग ला ५३५९ मीटरवर, तिथे सुमारे तीस टक्के. काळा धूर, दम नाही, आयडलिंगला बंद. म्हणून सोबत दोन-तीन लहान जेट ठेवा, मनालीत किंवा श्रीनगरात बदला आणि उतरल्यावर न विसरता मूळचे घाला. लहान जेटवर सपाटीला गाडी पळवणं इंजिनाला सर्वांत घातक. तुमचा बेत दरवर्षी लडाखचा असता तर मी एमपीएफआयच्या बाजूने कौल दिला असता. एका फेरीसाठी जेट पुरे.

बांधून झाल्यावर पहिला स्टार्ट. आधी प्लग काढून सेल्फने इंजिन फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग चालू करा आणि पूजा-फोटो-व्हिडिओसाठी अर्धा तास आयडलिंगला ठेवू नका. रिंगा बसतात त्या लोडवर. पहिले शंभरेक किलोमीटर सपाटीला, वेग बदलत, साध्या मिनरल ऑइलवर. नंतर कुंभार्ली घाट. चढताना तिसऱ्या गिअरला मध्यम लोड, उतरताना गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडून, म्हणजे व्हॅक्यूमने ऑइल रिंगांपर्यंत ओढलं जातं. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला आणि काढलेलं ऑइल उन्हात पसरट भांड्यात बघा. बारीक करडी चमक चालेल, तांबूस गाळ दिसला तर ऑइलच्या वाटा नीट धुतल्या गेल्या नाहीत. मग पुढे चालवू नका, सम्प पुन्हा खोला. हजारला टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करा आणि वहीतले जुने कंप्रेशनचे आकडे काढून त्यांच्या शेजारी नवे लिहा.